पंधरातले चौदा

मोठ्या कंपनीला नवा प्रमुख मिळाला की वर्तमानपत्राच्या अर्थविषयक पानावर एक फोटो येतो. डावीकडे जाणारा प्रमुख, उजवीकडे येणारा प्रमुख आणि मधोमध संचालक मंडळाचे अध्यक्ष. तिघंही हसत असतात. जाणारा जरा जास्तच. बातमीच्या तळाशी कधीमधी एक ओळ असते, की या निवडीसाठी अमुक एका एक्झिक्युटिव्ह सर्च फर्मचं साहाय्य घेण्यात आलं होतं. सर्च फर्म म्हणजे बड्या पदांसाठी माणसं हुडकून देणारी पेढी. पेढीचा जो भागीदार अध्यक्षांबरोबर जेवला, त्याचं नावही एखादे वेळी छापून येतं. ज्या मुलीनं महिना-दीड महिना फोन कानाला लावून दीडशे नावं गोळा केली, त्यातली बहुतेक गाळली आणि उरलेल्यांचा पगार, बायकोची नोकरी, मुलाची दहावी आणि आईवडिलांची दुखणी यांची टिपणं काढली, तिचं नाव कुठेच नसतं. धंद्यात तिला रिसर्चर म्हणतात.

रिसर्चर म्हटलं की लोकांना पांढरा कोट आठवतो, नाहीतर आठ वर्षं रखडलेली पीएचडी. हिच्याकडे यातलं काही नसतं. एक लॅपटॉप, एक हेडफोन आणि समोरचा साहेब “तसं मी इथं अगदी मजेत आहे हो” असं म्हणाला की तो मजेत नाही हे ओळखणारा कान, एवढीच तिची सामग्री.

पेणच्या गणपतीच्या कारखान्यात माती मळणारे, साचा भरणारे, घासकाम करणारे, अंगाला रंग देणारे हात पुष्कळ असतात. डोळ्यांची आखणी मात्र मुख्य कारागीर करतो आणि गिऱ्हाईक त्याच्यापुढे हात जोडतं. सर्च फर्ममध्ये आखणी भागीदाराकडे. आखणीपर्यंतचं सगळं रिसर्चरकडे.

आता या धंद्याची दक्षिणा पाहा. माणसाच्या पहिल्या वर्षाच्या एकूण पगाराचा साधारण तिसरा हिस्सा, आणि तो तीन हप्त्यांत: काम हाती घेताना एक, निवडक नावांची यादी दिल्यावर दुसरा, माणूस मिळाल्यावर तिसरा. पद दीड कोटीचं असेल तर पेढीला पन्नास लाख. आता पन्नास लाख घेऊन कुणी एकच माणूस पुढे उभा केला आणि म्हटलं, “हाच योग्य, घेऊन जा,” तर कंपनीच्या मालकाला लुबाडल्यासारखं वाटतं. साडीच्या दुकानात पहिलीच साडी पसंत पडली तरी गादीवर ढीग पडल्याशिवाय कुणी पैसे काढत नाही. म्हणून पंधरा नावं लागतात. त्यातलं एक निवडलं जातं. उरलेले चौदा कशासाठी असतात? तर त्यांना नाकारता यावं, यासाठी. आणि नाकारताना मालकाला आपली पारख सिद्ध झाल्यासारखं वाटावं, यासाठी. हे चौदा तयार करणं हे रिसर्चरचं खरं काम. ते सोपं नाही. नाकारायचा माणूसही तोलामोलाचा लागतो. ऐऱ्यागैऱ्याला नाकारण्यात कसली शान?

योग्य माणसाचं नाव बहुधा पहिल्या आठवड्यातच सापडलेलं असतं. ते कुणालाच पटत नाही, कारण ते फार जवळ सापडलेलं असतं.

याचं सगळ्यांत ठळक उदाहरण मुंबईतच, टाटांच्या मुख्यालयात, बॉम्बे हाउसमध्ये घडलं. ऑगस्ट २०१० मध्ये टाटा सन्सनं रतन टाटांचा वारस शोधण्यासाठी पाच जणांची समिती नेमली. जगभर शोध घेणार असं जाहीर झालं. पुढचे पंधरा महिने वर्तमानपत्रांनी नोएल टाटांपासून परदेशी कंपन्यांच्या बड्या प्रमुखांपर्यंत जमेल त्याला त्या खुर्चीत बसवून पाहिलं. २३ नोव्हेंबर २०११ रोजी नाव जाहीर झालं: सायरस मिस्त्री. हे मिस्त्री कुठे सापडले? शोध समितीत. त्या पाच सदस्यांपैकीच ते एक होते. उमेदवार ठरल्यावर समितीतून बाजूला झाले एवढंच. ज्या टेबलाभोवती बसून जगाचा नकाशा पाहिला जात होता, त्याच टेबलाच्या एका खुर्चीत माणूस बसलेला होता. त्या पंधरा महिन्यांत कुणी नावं जमवली असतील, त्यांची टिपणं काढली असतील, तर त्या सगळ्या कष्टांबद्दल मनात कणव दाटून येते.

पुढचा अध्यायही तसाच. २४ ऑक्टोबर २०१६ ला मिस्त्रींना दूर केलं गेलं, पुन्हा पाच जणांची समिती झाली, तिला चार महिन्यांची मुदत दिली गेली. १२ जानेवारी २०१७ ला, म्हणजे मुदतीच्या बऱ्याच आधी, एन. चंद्रशेखरन यांचं नाव आलं. ते १९८७ पासून टीसीएसमध्ये, म्हणजे घरातच होते. या वेळी निदान नकाशा लवकर गुंडाळला.

रायगड जिल्ह्यातल्या रोह्याच्या माणसाला यात नवल वाटायचं कारण नाही. रोह्याच्या देशमुख घराण्यातले चिंतामणराव, ज्यांना देश सी. डी. देशमुख म्हणून ओळखतो, ते १९१८ साली आयसीएसच्या परीक्षेत पहिले आले. १९३९ साली ते रिझर्व्ह बँकेत आले, बँकेच्या केंद्रीय मंडळाचे सचिव झाले आणि डिसेंबर १९४१ मध्ये डेप्युटी गव्हर्नर. १७ फेब्रुवारी १९४३ ला गव्हर्नर सर जेम्स टेलर वारले. नवा गव्हर्नर नेमला गेला ११ ऑगस्टला. जवळजवळ सहा महिने गेले आणि खुर्चीवर आले ते डेप्युटी गव्हर्नरच. आधीच्या दोन गव्हर्नरांपैकी कुणी भारतीय नव्हता, हे ध्यानात घेतलं की त्या सहा महिन्यांचा हिशेब लावायला फारसं संशोधन लागत नाही. एखाद्या रिसर्चरला हे काम मिळालं असतं तर तिनं पहिल्याच दिवशी दुपारच्या चहाआधी लिहून दिलं असतं: सध्याचं पद, डेप्युटी गव्हर्नर, घराणं रोह्याचं, रुजू व्हायला लागणारा वेळ, शून्य. शोध लांबतो तो माणूस सापडत नाही म्हणून नव्हे. सापडलेला माणूस गळी उतरायला वेळ लागतो म्हणून.

रोह्याच्याच स्टेशनातून सुरू होणाऱ्या कोकण रेल्वेची गोष्ट मात्र उलटी. जुलै १९९० मध्ये महामंडळ स्थापन झालं आणि ई. श्रीधरन नुकतेच, जूनअखेरीस, रेल्वे बोर्डातून निवृत्त झाले होते. रेल्वेमंत्री जॉर्ज फर्नांडिस यांनी त्यांनाच बसवलं. ना पंधरा नावं, ना तीन हप्ते. २६ जानेवारी १९९८ ला रोहा ते मंगळूरजवळचं ठोकूर हा सगळा मार्ग खुला झाला. या नेमणुकीकडे सर्च फर्मवाले फार प्रेमानं पाहत नसावेत. असं वारंवार होऊ लागलं तर खायचं काय?

याच रोह्याला खेटून वरसे आहे. इतकं खेटून, की रोहा कुठे संपलं आणि वरसे कुठे लागलं हे घरपट्टीच्या पावतीवरूनच कळावं. अलीकडे धाटावची एमआयडीसी, पलीकडे कुंडलिका नदी, आणि मध्ये पहिल्या-दुसऱ्या पाळीच्या वेळा तोंडपाठ असलेली वस्ती. अशा वरसेत, महामारीनंतर घरून काम करायची मुभा मिळाल्यामुळे, मुंबईच्या एखाद्या सर्च फर्मची रिसर्चर येऊन राहिली आहे असं धरून चालू. मुंबईच्या भाड्यात इथे हॉल, दोन बेडरूम आणि गॅलरी मिळते, हा हिशेब तिनं इतर कुठल्याही संशोधनाआधी केलेला असणार.

पहिली अडचण शेजाऱ्यांची. “काय करतेस?” या प्रश्नाला तिनं खरं उत्तर दिलं की गावात आठ दिवसांत पसरतं, ती नोकऱ्या लावते. मग रविवारी सकाळी दारात कुणीतरी उभं. हातात प्लास्टिकच्या फोल्डरमध्ये बायोडेटा, सोबत भाचा, भाच्याची नजर पायाच्या अंगठ्याकडे.

“ताई, आयटीआय झालाय. फिटर. कुठेतरी चिकटवा.”

“काका, मी कामगारांच्या जागा नाही बघत. माझ्याकडे कोटभर पगाराच्या जागा असतात.”

“मग तिथे चिकटवा.”

यावर उत्तर नाही. तिचा धंदा काकांना समजावून सांगणं कठीण, कारण तो मुळातच उफराटा आहे. ज्याला नोकरी हवी आहे त्याच्याकडे ही ढुंकून पाहत नाही. जो सुखात आहे, ज्याची मुलं शाळेत रुळली आहेत, ज्याचं गृहकर्ज अर्धं फिटलं आहे, त्याला फोन करून अस्वस्थ करायचं, हे तिचं काम. ज्यानं स्वतःहून अर्ज पाठवला त्याची किंमत या बाजारात लगेच उतरते. काका बायोडेटा टीपॉयवर ठेवून जातात. तो तिथेच राहतो, कारण परत देणंही बरं दिसत नाही.

स्थानिकांना प्राधान्य द्यावं असं राज्य शासनाचं धोरण आहे: पर्यवेक्षकीय पदांवर किमान ५० टक्के आणि त्याखालच्या पदांवर किमान ८० टक्के. हे धोरण जिथे थांबतं, साधारण तिथून सर्च फर्मचं राज्य सुरू होतं. त्या उंचीवर सगळेच परप्रांतीय, म्हणजे पुण्याचे.

धाटावमध्ये सुदर्शन केमिकल, एक्सेल, दीपक नायट्राइट, युनिकेम अशी नावं नांदतात. समजा, यांच्यासारख्याच एका रसायन कंपनीला साइट हेड, म्हणजे कारखान्याचा प्रमुख, हवा आहे. कंपनी जे मागणीपत्र देते ते वाचण्यासारखं असतं. वय पंचेचाळीसच्या आत, अनुभव पंचवीस वर्षांचा. नायट्रेशन, हायड्रोजनेशन आणि डायझोटायझेशन तिन्ही केलेलं असावं. कामगार संघटना हाताळलेली असावी, पण संप झालेला नसावा. सांडपाण्याच्या प्रश्नाची जाण असावी, पण प्रदूषण नियंत्रण मंडळाची नोटीस नावावर नसावी. बहुराष्ट्रीय कंपनीची शिस्त अंगात असावी, पण मालकाच्या मुलाशी पटवून घेणारा असावा. शेवटची अट मागणीपत्रात लिहीत नाहीत. ती भागीदाराला जेवताना सांगतात आणि तो फोनवरून रिसर्चरला सांगतो, “आणि हो, थोडा नम्र बघ.”

अशी नावं आणायची कुठून? आज लिंक्डइन आहे, नोकरी डॉट कॉमचा साठा आहे. पहिलं सुरू झालं २००३ साली, दुसरं १९९७ साली. त्याआधी? त्याआधी रिसर्चरचा धर्मग्रंथ होता कंपन्यांचा वार्षिक अहवाल, आणि त्यातलं सर्वांत पवित्र पान होतं कंपनी कायदा १९५६ च्या कलम २१७(२क) खालचं परिशिष्ट. ठरावीक मर्यादेपेक्षा जास्त पगार घेणाऱ्या प्रत्येक कर्मचाऱ्याचं नाव, हुद्दा, पगार, शिक्षण, वय, अनुभव, रुजू झाल्याची तारीख आणि आधीची नोकरी, हे सगळं १९७५ च्या नियमांनुसार भागधारकांसाठी छापावं लागे. सरकारचा हेतू मोठ्या पगारांवर लोकांची नजर राहावी असा होता. ती नजर रिसर्चरची निघाली. कुणाला किती मिळतं, तो किती वर्षं एका जागी बसला आहे, म्हणजे हलवायला पिकला आहे की नाही, सगळं एका ओळीत. एक शेअर घेतला की अहवाल पोस्टानं घरी. इतक्या तपशिलानं माहिती आपल्याच पैशानं छापून शत्रूच्या पत्त्यावर पाठवणारा दुसरा उद्योग सापडायचा नाही.

मग मर्यादा वाढत गेली. २०११ साली वर्षाला २४ लाखांवरून ६० लाख झाली, आणि नव्या कंपनी कायद्याखाली २०१६ पासून एक कोटी दोन लाख. (वरचे दोन लाख कशाचे असं वाटेल, महिन्याला साडेआठ लाख गुणिले बारा, इतकाच तो हिशेब आहे.) शिवाय पगारात अव्वल असलेल्या दहा जणांची नावं वेगळी. पण हे परिशिष्ट आता सहसा अहवालासोबत येत नाही. भागधारकानं मागितलं तर मिळतं. आणि मागणाऱ्याचं नाव कंपनीच्या चिटणिसाकडे राहतं, ही त्यातली मेख.

दुसरा जुना मार्ग टेलिफोन ऑपरेटरचा. कंपनीच्या बोर्डावर फोन लावायचा आणि आवाजात जितका बावळटपणा आणता येईल तितका आणून म्हणायचं, “दिवाळीची डायरी पाठवायची होती, प्रॉडक्शनच्या साहेबांचं नाव जरा स्पेलिंगसकट सांगता का?” ऑपरेटर नाव सांगे, हुद्दा सांगे, आणि मूड चांगला असला तर, “ते नाही आता, ते गेले बडोद्याला, आता दुसरे आलेत,” असा दहा मिनिटांचा इतिहासही सांगे. डायरी अर्थातच जात नसे. अशी सोंगं काढू नयेत हे आता या व्यवसायाच्या नीतिनियमांत बसवलेलं आहे. सर्च फर्मांची जागतिक संघटना १९५९ पासून आहे आणि खरं बोला असं ती बजावते. शिवाय आपल्याकडे २०२३ चा व्यक्तिगत माहिती संरक्षणाचा कायदा आला. म्हणजे आता रिसर्चरनं स्वतःचं खरं नाव सांगून, खऱ्या पेढीचं नाव सांगून, परक्या माणसाला त्याचा पगार विचारायचा. सोंग काढणं यापेक्षा सोपं होतं.

रसायन उद्योगात तिसरा एक रस्ता आहे, माटुंग्यातून जाणारा. १९३३ साली मुंबई विद्यापीठात सुरू झालेला रासायनिक तंत्रज्ञान विभाग, म्हणजे जुन्या लोकांचं यूडीसीटी आणि आजचं आयसीटी. कोकणातल्या केमिकल पट्ट्यात, रसायनी-पाताळगंगेपासून धाटाव, महाड, लोटे-परशुरामपर्यंत, साहेबाच्या खोलीत जा, निम्म्या वेळा गप्पा माटुंग्याच्या होस्टेलवर येऊन थांबतात. एका बॅचमधला एकजण फोनवर सापडला की सगळी बॅच सापडली. तो स्वतःसाठी “मला काही इंटरेस्ट नाही” म्हणतो आणि मग वर्गातल्या प्रत्येकाचं काय चाललं आहे ते सांगत सुटतो. त्यात कुणाचं कौतुक तो हातचं राखून करतो, तिकडे रिसर्चरनं लक्ष ठेवायचं. तो माणूस हमखास चांगला असतो.

वरसेतल्या रिसर्चरला यापेक्षा मोठी सोय दाराशीच आहे, हे मुंबईच्या ऑफिसला ठाऊक नाही. धाटावच्या साहेबलोकांपैकी बरेच आठवडाभर फ्लॅटवर राहतात आणि शनिवारी पुण्या-मुंबईला घरी जातात. त्यांच्यातलं कोण हलणार हे लिंक्डइनला कळायच्या आधी वरसेच्या किराणा दुकानदाराला कळतं. महिन्याच्या वहीवरची उधारी महिना संपण्याआधी चुकती केली, म्हणजे राजीनामा गेला. इस्त्रीवाल्याला त्याच्याही आधी कळतं, कारण मंगळवारी पांढरा शर्ट आणि टाय कडक इस्त्रीला देऊन जाणारा माणूस कारखान्यात चाललेला नसतो. कारखान्यात निळा बॉयलर सूट घालतात. मुंबईचा भागीदार ज्याला ‘मार्केट इंटेलिजन्स’ म्हणून पन्नास लाखांच्या बिलात लावतो, ते इथं पाव किलो फरसाणाबरोबर फुकट मिळतं. फक्त ते सादरीकरणात घालता येत नाही. स्लाइडवर ‘स्रोत: इस्त्रीवाला’ असं लिहायची पद्धत नाही.

अडचण दुसरीकडे आहे. धंद्यातला एक नियम असा, की जी कंपनी आपली गिऱ्हाईक, तिची माणसं ठरावीक काळ फोडायची नाहीत. तत्त्व म्हणून सुंदर. पण पेढी जसजशी मोठी होते तसतशी गिऱ्हाइकं वाढतात आणि हात लावता येईल अशी माणसं कमी होतात. सगळेच गिऱ्हाईक झाले तर माणूस आणायचा कुठून, याचं उत्तर अजून कुणी दिलेलं नाही.

त्यातही रोह्यात अलीकडे जे झालं ते रिसर्चरची यादी बिघडवणारं आहे. धाटावमध्ये सुदर्शनचा रंगद्रव्यांचा कारखाना आणि क्लॅरियंटचा कारखाना वर्षानुवर्षं एकाच एमआयडीसीतले स्पर्धक. याच्यासाठी माणूस हवा तर त्याच्याकडे बघा, हा साधा हिशेब. जानेवारी २०२२ मध्ये क्लॅरियंटचा रंगद्रव्यांचा व्यवसाय जर्मनीच्या ह्यूबाख समूहाकडे गेला. २०२४ साली ह्यूबाखच दिवाळखोरीत सापडला, आणि मार्च २०२५ मध्ये त्याचा ताबा पुण्याच्या सुदर्शननं घेतला. जो माणूस फोडून आणायला एखाद्या पेढीनं पगाराचा तिसरा हिस्सा मागितला असता, तो अख्ख्या जागतिक समूहासकट घरी आला. बिल फाडायला जागाच राहिली नाही.

धंद्याचा जन्मच मुळी फोडाफोडीतला. सिडनी बॉयडन १९४६ साली अमेरिकेतल्या बूझ अॅलन या सल्लागार कंपनीतून बाहेर पडले आणि त्यांनी सर्च फर्म काढली. १९५३ साली हायड्रिक आणि स्ट्रगल्स हे दोघं बाहेर पडले, बूझ अॅलनमधूनच. १९५६ साली स्पेन्सर स्टुअर्ट, तेही तिथलेच. स्पेन्सर स्टुअर्टनं युरोपात पाय रोवण्यासाठी एगॉन झेंडर नावाचा तरुण हाताशी धरला; त्यानं १९६४ साली झुरिचला स्वतःची पेढी उघडली. इतरांची माणसं पळवणाऱ्या या मंडळींनी सुरुवात स्वतःला पळवण्यापासून केली. भारतात या धंद्याचं पहिलं मोठं नाव, एबीसी कन्सल्टंट्स, १९६९ सालचं.

तर साइट हेड. दीडशे नावं झाली, गाळून चाळीस उरली, आता बोलायचं. केमिकल कारखान्यात ज्वालाग्राही विभागात मोबाइल नेता येत नाही. तो गेटवर जमा. त्यामुळे साहेब सापडतो जेवणाच्या सुट्टीत नाहीतर संध्याकाळी गाडीत. गाडीत ड्रायव्हर असतो, म्हणून साहेब एकाक्षरी बोलतो. “हं.” “हो.” “नाही.” “ते पाठवा.” “उद्या.” एवढ्यावरून रिसर्चरनं त्याची महत्त्वाकांक्षा, नेतृत्वगुण आणि कंपनी सोडण्याची कारणं असे तीन परिच्छेद लिहायचे असतात. ती लिहिते.

जागेचं नाव सांगितलं की पुढचा अंक.

“रोहा? म्हणजे अलिबागच्या तिथे ना?”

“त्याच जिल्ह्यात, सर.” हे खरं आहे. समुद्र मात्र सरांनी स्वतःच्या मनानं घालून घेतलेला असतो.

“मुंबईपासून किती लांब?”

“कागदावर सव्वाशे किलोमीटर.”

“आणि रस्त्यानं?”

इथे रिसर्चर क्षणभर थांबते. मुंबई-गोवा महामार्गाच्या पनवेल ते इंदापूर टप्प्याचं रुंदीकरण २०११ साली सुरू झालं, आणि तेव्हा प्राथमिक शाळेत असलेली मुलं आता मॅनेजमेंट ट्रेनी होऊन त्याच रस्त्यानं कामावर येतात. ती म्हणते, “रेल्वे आहे, सर.” आहे खरीच. दिव्याहून रोह्यापर्यंत गाडी येते. लांब पल्ल्याच्या बऱ्याच गाड्या मात्र रोह्याला न थांबता पुढे निघून जातात, आणि मुंबईचे उमेदवारही.

चाळिसातून असे पंधरा उरतात. बाकीचे का गळाले याची खरी कारणं आणि अहवालातली कारणं वेगळी. एकाची बायको पवईच्या शाळेत पर्यवेक्षिका; अहवालात ‘भौगोलिक मर्यादा’. एकानं विचारलं, कायद्यापुढे कारखान्याचा मॅनेजर म्हणून नाव माझंच लागणार का, आणि हो म्हटल्यावर त्याला अचानक सध्याची कंपनी आवडू लागली. अहवालात ‘सध्याच्या भूमिकेत समाधानी’. अपघात झाला की निरीक्षक आधी ते नाव विचारतो, हे पंचवीस वर्षं कारखान्यात काढलेल्या माणसाला कुणी शिकवावं लागत नाही. एकाला फक्त आपला भाव काय आहे ते पाहायचं होतं. असे प्रत्येक यादीत तीन-चार असतात आणि मुलाखतीत तेच सर्वांत छान बोलतात.

मग पंधरा जण मालकापुढे जातात आणि मालक आपली पारख दाखवतो. हा फार बोलतो. हा काहीच बोलत नाही. याचे बूट पाहिलेत? याच्या सहा नोकऱ्या झाल्या, टिकणार नाही. याची एकच नोकरी झाली, हलणार नाही. भागीदार मान डोलावतो, रिसर्चर लिहून घेते. चौदा नकार व्यवस्थित पार पडतात. पंधरावा पसंत पडतो, तो राजीनामा देतो, त्याची जुनी कंपनी त्याच दुपारी पगार तीस टक्के वाढवून वर ‘व्हाइस प्रेसिडेंट’ करते, आणि संध्याकाळी गाडीतून फोन येतो. या वेळी साहेब एकाक्षरी बोलत नाही. आईची तब्येत, मुलीची बारावी, जुन्या मालकाचे उपकार, सगळं सविस्तर येतं. तीन महिन्यांच्या नोटिशीच्या काळात हा फोन कधीही येऊ शकतो, म्हणून रिसर्चर त्या दिवसांत उमेदवाराला वाढदिवसाच्या शुभेच्छासुद्धा आठवणीनं देते.

आलाच, टिकला, तर तिसरा हप्ता. पण करारात आणखी एक कलम असतं: ठरावीक काळात माणूस सोडून गेला तर पेढीनं दुसरा शोधून द्यायचा, नवी फी न घेता. समजा, सात महिन्यांनी साइट हेड आणि मालकाचा मुलगा यांचं एका रिअॅक्टरवरून वाजलं आणि साइट हेड गेला. मुंबईहून भागीदाराचा फोन येतो: “नवी पंधरा नावं काढ. आणि या वेळी जरा वेगळी.” वरसेतली रिसर्चर जुनी फाइल उघडते. चौदांपैकी दोघांनी मधल्या काळात कंपनी बदलली आहे, एकजण तर मागच्या वेळी गळालेल्या दुसऱ्याच्या जागी गेला आहे. ती नावांचा क्रम बदलते, दोन नवी घालते. वरचं पहिलं नाव मात्र तिनं मागच्या खेपेलाही लिहिलं होतं आणि भागीदारानं “अगं, हा नको, क्लायंट म्हणेल यात तुम्ही काय केलंत?” असं म्हणून खोडलं होतं. तो याच कारखान्याचा डेप्युटी, गेली अकरा वर्षं त्याच गेटवर मोबाइल जमा करणारा. साइट हेड गेल्यापासून कारखाना तोच चालवतो आहे, हे इस्त्रीवाल्यालाही ठाऊक आहे. या वेळी ते नाव लिहिण्याआधी तिनं करार पुन्हा एकदा काढून वाचला. कंपनीतलाच माणूस नेमला गेला तरी पेढीची फी पूर्ण धरली जाईल, असं त्यात स्पष्ट लिहिलेलं आहे.